एक युरो सत्त्याऐंशी

गुरुवारी रात्री नऊला सेनन चहा गार होऊ देतो.
फोन साखरेच्या बरणीला टेकवलेला,
पडद्यावर चकचकीत शर्टातला एक पोरगा
यंत्राला सांगतो, काढ आकडा.
बक्षीस : कॉन्सर्टिना. तीस बटणं,
रोझवूडचे काठ, सहा घड्यांचा भाता.
कारागिराकडे नाव घातलं तर सात वर्षांची रांग,
इथे तिकीट चार युरो.

आधी एक प्रश्न विचारतात, कायद्याची सोय म्हणून :
कॉन्सर्टिना कशावर चालते?
हवा, डिझेल की बटाटे?
सेनन तरी क्षणभर थांबतो.
शाळेची बस चालवणारा माणूस,
रिकाम्या चौकातही दोन्हीकडे बघतो.

मी दूध सोसायटीत हिशेब लिहिते.
एका रात्री पेंडीच्या बिलामागे त्याला मांडून दाखवलं :
तिकिटं चौदाशे नव्व्याण्णव, वाद्य बत्तीसशेचं,
म्हणजे तुझ्या चार युरोंत
वाद्य येतं दोन युरो तेरा सेंटचं.
उरले एक सत्त्याऐंशी,
ते त्या शर्टाच्या खिशात.
आठवड्याला दोन तिकिटं घेतोस,
तर साडेसातशे गुरुवारांत एकदा, सरासरीने.
चौदा वर्षं आणि वर काही महिने.
एक अख्खा वनवास.

"मग तेव्हा मिळेल ना?"

नाही रे. वनवास सरल्यावरही
तीनातल्या एका घरी पादुकाच राहतात गादीवर.
आकड्यांना कालचं काही आठवत नसतं.

तो म्हणाला, "डिम्फना, तू बिल मात्र छान लिहितेस,"
आणि दोन तिकिटं घेतली.

घरातली कॉन्सर्टिना थोरल्या भावाबरोबर बॉस्टनला गेली,
तेव्हा सेनन अकरा वर्षांचा होता.
हे मला त्याने नाही, त्याच्या बहिणीने सांगितलं,
किलरशच्या बाजारात, माशांच्या गाडीपाशी.

दोन वर्षांत आठशे बत्तीस युरो गेले.
एकदा एक पट्टा लागला, सांत्वनाचा, गिटारचा.
तो आता कुत्र्याच्या गळ्यात आहे.
एकदा कॉन्सर्टिना कार्लाईलच्या कुणा बाईला लागली.
पोरग्याने फोन लावला, सगळ्यांसमोर.
ती म्हणाली, "कसली? काय असतं ते?"
सेनन खूप हसला.
मग बाहेर गेला, आणि कोळसा आणायला
नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला त्याला.

मी हिशेब थांबवला नव्हता, फक्त बोलत नव्हते.
आकडा फिरत असतो तेव्हा
त्याची बोटं टेबलाच्या कडेवर चालतात, हे बघत होते.
डावीकडे चार, उजवीकडे चार, अंगठे मोकळे.
आधी वाटलं, चुळबुळ.
मग एका गुरुवारी त्या टकटकीतून
मला चाल ओळखू आली.
आमच्या लग्नात वाजलेली,
ज्या चालीवर तो नाचला नव्हता.

एनिस्टायमनला एका विधवेकडे जुनी होती.
भाता दोन जागी चिकटवलेला,
उजव्या हाताचं एक बटण मुकं.
आठशे म्हणाली, मी साडेसातशे दिले.
स्वयंपाकघरात टेबलावर ठेवली
आणि कोंबड्यांकडे निघून गेले,
कारण तोंडाकडे बघायचा धीर नव्हता.

आता वाजवतो. बरं वाजवतो, फार बरं नाही.
मुकं बटण आलं की
तिथे बुटाची टाच आपटतो फरशीवर,
आणि कुत्रं मान वर करून गिटारच्या पट्ट्यासकट बघतं.

आणि गुरुवारी नऊला?
चहा गारच होतो.
मी विचारलं, आता कशाला?
म्हणाला, "ते बटण वाजणारी पाहिजे ना एक."
मी बिल उलटं केलं, पेन्सिल शोधली.
मग म्हटलं, राहू दे.

प्रश्न होता, सेलो कुठे धरतात?
गुडघ्यांत, दातांत की बगलेत?
या वेळी मी थांबले. दोन्हीकडे बघून घेतलं.